हालव्या मास्तरची भिंत

मास्तर कुठंही बसायच्या आधी ती वस्तू हालवून बघायचे. खुर्ची, बाकडं, हॉटेलातलं स्टूल, मोटारसायकलचं मागचं सीट, काही असो. दोन्ही हातांनी धरायचं, एकदा पुढं, एकदा मागं, चष्मा कपाळावर चढवायचा, मान तिरकी करून ऐकायचं आणि जीभ टाळूला लावून "टक्" करायचं. मग म्हणायचं, "हालतंय." खिशात पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे कायम असायचे. त्यातला एक काढून पायाखाली सारायचा आणि मग टेकायचं. आमच्या मुरुम गावात एक चहावाला असा नसेल, ज्याच्या बाकड्याखाली मास्तरांचा पुठ्ठा नाही. एका लग्नात तर त्यांनी मांडवाचा खांब हालवला आणि "हालतंय" म्हणाले. नवरीचा मामा अक्षता टाकायच्या सोडून खांबाला जो मिठी मारून उभा राहिला, तो मंगलाष्टकं संपली तरी सोडायला तयार नव्हता.

म्हणून त्यांचं नाव हालव्या मास्तर. हे नाव मी ठेवलं. आत्ताच सांगून टाकतो, पुढं कुणाकडनं तरी कळणारच.

मुरुमच्या बाहेर, उमरग्याच्या रस्त्याला, शेटचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या मागं जोडायची पेरणी यंत्रं तिथं बनतात. मास्तर त्यांची ड्रॉइंगं काढायचे. तरुणपणी ते कुठल्याशा आयटीआयला हंगामी शिक्षक होते. हंगाम संपला, मास्तर हे नाव तेवढं राहिलं. पन्नाशी उलटल्यावर हा माणूस एकटा बसून कॉम्प्युटर शिकला. चूक झाली की स्वतःच्याच हातावर फुटपट्टी मारून घ्यायचा म्हणे. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स करून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आलो, तेव्हा फुटपट्टी टेबलावर होतीच. पण तोवर त्यांच्या चुका संपल्या होत्या, त्यामुळं ती माझ्या वाट्याला आली.

आमचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरवर लोखंडाच्या प्लेटचं स्केच काढलं की त्यातल्या रेघा सुरवातीला मोकळ्या असतात. माउसनं ओढली की रेघ येते बरोबर, कुत्र्याच्या पिल्लासारखी. मग एकेक रेघ बांधायची. ही एवढी लांब, ही हिला काटकोनात, हे भोक कडेपासून एवढ्यावर. आमच्या सॉफ्टवेअरमधी मोकळी रेघ पांढरी दिसते आणि सगळ्या बांधून झाल्या की स्केच हिरवं होतं. हिरवं झालं की कितीबी ओढा, जागचं हालत नाही.

आता सगळं बांधायचं का कामापुरतं बांधायचं, ह्यावर जगात दोन पंथ आहेत म्हणतात. मुरुमात एकच होता.

"एक बी रेघ मोकळी दिसली तर बोटं बांधीन तुझी," हे मास्तरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. नमस्कार त्याच्यानंतर.

त्यांची तपासायची तऱ्हा न्यारी होती. तुम्ही स्केच दाखवलं की ते मापं बघायचेच नाहीत. तुमच्या हातातला माउस काढून घ्यायचे, एक कोपरा पकडायचे आणि ओढायचे. हाललं, की "टक्". मग थांबायचे नाहीत. दुसरा कोपरा ओढायचे, तिसरा ओढायचे, भोकं पार बाहेर फेकायचे, आणि तुमच्या सकाळभराच्या कामाचा पाय मोडलेला खेकडा झाला की त्याचा प्रिंट काढायचे. खाली लाल पेननं तुमचं नाव लिहायचे आणि तो कागद दारासमोरच्या भिंतीवरच्या थर्माकोलला टाचणीनं लावायचे. त्या भिंतीपुढनं सगळ्यांना जावं लागायचं. वेल्डर, गिऱ्हाईक, चहावाला, शेट, कुणीच सुटायचं नाही. माझं पहिलं चित्र लावलं तेव्हा आलूरचा एक म्हातारा शेतकरी त्याच्यापुढं बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "कोंबडी कुणी चिरडली ओ ही?" खाली माझं नाव होतं. वडील दुसऱ्या दिवशी डबा द्यायला आले, त्यांनीबी वाचलं. डबा ठेवून गेले.

माझ्याबरोबर एक पोरगी लागली होती कामाला. हुशार होती, माझ्यापेक्षा तर नक्कीच. तिच्या स्केचमधली एकच रेघ पांढरी राहिली, एकच. मास्तरांनी तिच्यादेखत तिचा खेकडा केला आणि तिला सांगितलं, "लाव तूच. टाचणी घे." तिनं लावलं. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. मास्तर तिच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाले, "ती बी हाललीच." एवढंच. पुढच्या कामाला लागले.

त्या दिवसापासनं मी त्यांची नक्कल करायला सुरवात केली.

शाळेत असल्यापासनं मला ते येतं. हेडमास्तर, कंडक्टर, आमच्या गल्लीतली भांडखोर म्हातारी, कुणीबी सांगा. पण मास्तर म्हणजे हातात आयतं आलेलं सोनं होतं. जेवणाच्या सुट्टीत चष्मा कपाळावर न्यायचा, रशीदचाचाची टोपी हालवायची, "टक्... हालतंय" म्हणायचं, की सगळं शेड खाली बसून हसायचं. रशीदचाचा आमचे सगळ्यात जुने वेल्डर. ते म्हणायचे, "अरे नकल्या, बस कर रे, पोट में दुखतंय." शेट मुद्दाम डबा घेऊन आमच्यात येऊन बसायला लागला. म्हणायचा, "आज काय हाललं रे?" मास्तर जेवायला घरी जायचे, म्हणून एक ते दोन ही माझी वेळ होती. त्यांना माहीत होतं. एकदा दोनला पाच कमी असताना ते दारात येऊन उभे राहिले आणि मी त्यांच्याच आवाजात त्यांच्याच खुर्चीला शिव्या देत होतो. मास्तर म्हणाले, "जीभ टाळूला जरा मागं लाव. दाताजवळनं येतोय आवाज." आणि जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासनं मी जीभ मागं लावली. खरंच जास्त जमायला लागलं.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. घरात एकबी वस्तू डुगडुगत नव्हती. देवघराखाली पुठ्ठा, टीव्हीखाली पुठ्ठा, फ्रिजच्या दोन पायांखाली दोन वेगळ्या जाडीचे पुठ्ठे. काकूंनी चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "मला बघायला आले तवा माझ्याकडं बघितलंच न्हाय बघ ह्यांनी. बसायला दिलेला पाट हालवत बसले. माझा बाप म्हणला, पोरगं सुतार हाय का?" मास्तर आतनं ओरडले, "पाट हालतच होता!" काकूंच्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. कप माझ्या हातात देताना त्यांनी तो जरा बाजूला धरला. मास्तरांनी येऊन त्यांचं मनगट धरलं आणि सरळ केलं. माप घेतल्यासारखं.

आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. एक 'काढलं', दुसरी 'तपासलं'. 'तपासलं'मधी मास्तरांचं नाव. तिथं नाव टाकताना ते एक बोट वापरायचे आणि प्रत्येक अक्षराला थांबायचे. शेटनं पगार वाढवला नाही, पंखा दिला नाही, दिवाळीला सगळ्यांना दिलेला मिठाईचा डबा त्यांना द्यायचा विसरला, त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. पण कुणी विचारलं, इथं किती वर्षं झाली, तर वर्षं सांगायचे नाहीत. म्हणायचे, "माझ्या नावाखाली अजून एक भोक हाललेलं न्हाय." त्या माणसाकडं दाखवायला तेवढं एकच होतं. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

पण खरं सांगायचं तर मास्तर शंभर टक्के बरोबर नव्हते. मी आजबी तेच म्हणतो. त्यांचं बांधणं म्हणजे गाठीवर गाठ. एकच उंची ते अकरा ठिकाणी अकरा तऱ्हांनी बांधून ठेवायचे. एक माप बदललं की दहा ठिकाणी बोंब उठायची आणि सगळा पडदा लाल व्हायचा. गिऱ्हाईक म्हणालं, जरा रुंद करा, की मास्तरांचा दीड दिवस गाठी सोडण्यात जायचा. मी त्यांना म्हणालो होतो, "मास्तर, आधी मोकळं सोडावं, आकार बसू द्यावा, मग बांधावं. त्यात काय बिघडतंय?"

"आधी सोडतो, मग बांधतो म्हणणारा बांधतच न्हाय," मास्तर म्हणाले. "बैल सोडायचा आणि मग दावं हुडकत फिरायचं, ही अक्कल तुझ्या घरची हाय का कोर्समधली?"

मला लई राग आला होता. कारण दोन्हीकडची होती.

मग तो उमरग्याचा डीलर आला. पेरणीला दीड महिना होता. डीलर म्हणाला, यंत्रावरची सोयाबीनच्या बियाण्याची पेटी लवकर रिकामी होते, दोन इंच उंच करा, आत्ता दाखवा, लगेच तीस यंत्रं सांगतो. पेटी उंच करायची म्हणजे तिच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूच्या प्लेटा बदलायच्या. मास्तर म्हणाले, "पाचव्या दिवशी सकाळी."

"तवा मी हैदराबादला असतो ओ," डीलर म्हणाला.

"मग तिकडनं आल्यावर."

एक वाजला. मास्तर उठले, जेवायला घरी गेले. दुपारच्या गाडीनं ते काकूंना डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला नेणार होते, चार दिवसांची रजा होती. ते गेटबाहेर पडले आणि शेट माझ्याकडं वळला. "ए नकल्या, तुला जमतंय का?"

जमत होतं. मी मास्तरांची फाइल उघडली आणि त्यांच्या गाठी धडाधड उडवल्या. पडदा पांढरा झाला. चष्मा नव्हता, म्हणून डीलरचा गॉगल मागून कपाळावर चढवला. "टक्! हालतंय!" म्हणत एकेक रेघ माउसनं वर ओढली. डीलर डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसला. शेट टेबल बडवत होता. पाच मिनिटात पेटी दोन इंच उंच. डीलरनं तीस यंत्रांचा शब्द दिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी बसून सगळं बांधायचं, असं मी मनात ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. पण डीलर गेल्यावर शेटनं सगळ्यांना भजी मागवली, पुन्हा एकदा नक्कल झाली, आणि शेटनं त्याच गडबडीत फाइल सोलापूरच्या कटिंगवाल्याला पाठवून दिली. 'तपासलं'च्या चौकटीत मास्तरांचं नाव होतंच. एका बोटानं लिहिलेलं.

आठवड्यानं साठ प्लेटा कापून आल्या. रशीदचाचांनी पहिली जोडी उभी केली आणि बी टाकणारा शाफ्ट घातला. डाव्या प्लेटमधनं गेला, उजवीत गेला नाही. दुसरी जोडी घेतली, तेच. उजव्या प्लेटचं भोक चार मिलिमीटर वर सरकलं होतं. रेघ ओढताना माझ्या माउसबरोबर तेबी आलं होतं, पिल्लासारखं.

शेटनं मास्तरांना बोलावलं. सगळं शेड जमा झालं. मास्तरांनी फाइल उघडली आणि खुर्चीतच ताठ झाले. उजवी प्लेट पांढरीफेक होती. त्यांनी भोक पकडलं आणि ओढलं. हाललं. त्यांनी टक् केलं नाही.

"हे माझं न्हाय, शेट," ते म्हणाले.

"खाली नाव कुणाचं हाय?"

"माझं."

"मग?"

शेट माझ्याकडं वळला. "काय रे, त्या दिवशी तू बदललं ते सगळं पक्कं केलतंस न्हवं?"

साधा प्रश्न होता. 'न्हाय' म्हणायला एक सेकंद लागला असता. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मास्तर पडद्याकडं. मी हात कपाळावर नेला, नसलेला चष्मा वर चढवला, मास्तरांच्या खुर्चीची पाठ धरून एकदा पुढं, एकदा मागं केली. मास्तर बसलेले होते तीत. जीभ मागं लावून म्हणालो, "टक्. नकल्याकडनं हालतंय व्हय?"

पहिल्यांदा रशीदचाचा फुटले. मग पोरं. मग शेट. शेटला उत्तर नकोच होतं. खरं उत्तर निघालं असतं तर न तपासता फाइल पाठवली कुणी, हा पुढचा प्रश्न उभाच होता. हसून हसून त्याचा राग निम्मा झाला आणि उरलेला निम्मा बरोबर मास्तरांच्या वाट्याला गेला. एवढ्या वेळात मास्तरांनी फक्त एकदा माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. माझं स्केच तपासायच्या आधी बघायचे तसे बघितले, कुठला कोपरा आधी धरायचा, ते हुडकल्यासारखे.

"मास्तर, नियम तुमचाच हाय," शेट डोळे पुसत म्हणाला. "हाललं की भिंतीवर. नकल्या, लाव रे."

मी प्रिंट काढला. पण त्याच्या आधी, नियम आहे म्हणून, माउस घेऊन प्लेटचे कोपरे ओढले. भोकं बाहेर फेकली. माझी कोंबडी झाली होती, मास्तरांचं मी त्यापेक्षा वाईट केलं. लाल पेननं त्यांचं नाव लिहिलं, आडनावासकट. भिंतीवर बाकीच्यांना एकेक टाचणी होती. मी चार मारल्या.

मास्तर उठले. आपल्या खुर्चीच्या पायाखालचा पुठ्ठा वाकून काढला, झटकला आणि खिशात घातला. दाराकडं निघाले ते त्या कागदापाशी थांबले. खालचा कोपरा दोन बोटात धरला आणि हलकं ओढून बघितलं. एकदा खाली, एकदा बाजूला. कागद हालला नाही.

"हे मात्र पक्कं बसवलंस," ते म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीबी नाहीत. शेट सगळ्यांना सांगत होता, "मी कुठं जा म्हणलं?" आणि ते खरंच होतं, कुणीच म्हणलं नव्हतं. रशीदचाचांनी आठवडाभर बसून साठातल्या उजव्या तीस प्लेटांची भोकं भरून पुन्हा पाडली. त्या आठवड्यात त्यांनी मला एकदाबी नक्कल कर म्हणलं नाही. नंतर म्हणायला लागले. माणूस किती दिवस न हसता राहणार?

आता 'काढलं' आणि 'तपासलं' दोन्ही चौकटीत माझं नाव असतं. मास्तरांच्या खुर्चीवर मी बसतो. मी सगळं बांधतो, एकेक रेघ, हिरवं झाल्याशिवाय उठत नाही, पण अकरा गाठी मारत नाही, एकच मारतो. मास्तरांपेक्षा चांगलं बांधतो, हे मी त्यांच्या तोंडावरबी सांगितलं असतं. नवीन पोरं येतात, त्यांचं स्केच बघताना माझा हात आपोआप माउसवर जातो आणि कोपरा धरतो. कागद अजून भिंतीवर आहे. पिवळा पडलाय. नवीन पोरं विचारतात हे कोण, मी करून दाखवतो. हसतात.

गेल्या महिन्यात मी उमरग्याला गेलो होतो. हायवेच्या कडेला चहाची टपरी आहे, तिथं मित्रांबरोबर उभा होतो. दवाखान्याची पिशवी घेऊन मास्तर आणि काकू आले. काकूंना आता नीट दिसत असावं, त्यांनी मला लांबनंच ओळखलं आणि मान फिरवली. मास्तरांनी बघितलं नाही. मित्र माझ्या कानात म्हणाला, "ए, हेच का रे ते? बघ, आता हालवतील." आम्ही सगळे त्या बाकड्याकडं बघत राहिलो. लोखंडी बाकडं होतं, एक पाय तोकडा, मला उभ्या जागेवरनं दिसत होतं.

मास्तर सरळ जाऊन बसले.

बाकडं कलंडलं, त्यांच्या हातातला चहा विजारीवर सांडला. काकूंनी बाकड्याची कड धरली आणि वाकून खाली बघितलं.

"हालतंय की ओ," काकू म्हणाल्या. "पुठ्ठा कुठाय तुमचा?"

मास्तरांनी तळहातानं विजार पुसली.

"हालू दे," म्हणाले.